फॅटी अ‍ॅसिडची घरच्या घरी रक्त टेस्ट: तळणीच्या तेलाचा निकाल लावायला घेतली आणि भलतंच कळलं

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण अशा टेस्ट विकणारे बरेच आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांचं काम सारखंच चालतं, आणि माझी जी काही कुरकुर आहे ती निम्मी त्यांच्यावर आणि निम्मी माझ्यावरच आहे.

विषय असा, की आमच्याकडे तळणीच्या उरलेल्या तेलावरून कायम वाजतं. नवऱ्याचं म्हणणं, गाळलं, झाकण लावलं, विषय संपला, पुन्हा वापरा. माझं म्हणणं, तापवलेलं तेल पोटात गेलं की शरीरातल्या फॅटी अ‍ॅसिडचं वाट्टोळं होतं. आता नक्की काय वाट्टोळं होतं असं त्याने विचारलं की मी गप्प, कारण ते मी पण कुठेतरी उडत उडत वाचलेलं. तेवढ्यात ही जाहिरात दिसली, बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून शरीरातली चोवीस फॅटी अ‍ॅसिड मोजून देतो, ओमेगा 3, ओमेगा 6, ट्रान्स फॅट, सगळं. म्हटलं झालं, आता कागदावरच दाखवते याला. दोन किट मागवले, एक लगेच करायला आणि एक चार महिने उरलेलं तेल अजिबात न वापरता मग करायला. विज्ञान म्हणजे असंच असतं ना, आधी आणि नंतर, असं मला तेव्हा वाटत होतं.

डब्यात काय असतं तर एकदाच वापरायच्या दोन सुया, दाबलं की टचकन बाहेर येऊन परत आत जाणाऱ्या, बोट पुसायला स्पिरिटचा कागद, पट्टी, आणि एक जाड कागदाचं कार्ड, त्यावर छापलेला गोल. या कार्डाला अँटिऑक्सिडंट लावलेलं असतं, कारण रक्तातलं ईपीए आणि डीएचए (माशांमधे मिळतात ती दोन ओमेगा 3) हे दोन्ही नुसत्या हवेने बिघडायला लागतात आणि लॅबला पोचेपर्यंत आकडा खाली येतो. हे माहितीपत्रकात वाचलं आणि मी थांबलेच. म्हणजे बघा, जी गोष्ट घरातल्या तापमानाला कागदावर पडून बिघडते म्हणून तिला जपून पाठवायचं, तिच्याच कुळातली तेलं आपण 180 डिग्रीला तासभर तापवत ठेवतो. खरं तर किटचे अर्धे पैसे इथेच वसूल झाले असं मला आता वाटतं.

रक्त काढायचा प्रकार मात्र वैताग. सूचनेत लिहिलेलं होतं हात गरम पाण्याने धुवा, हात खाली लोंबकळत ठेवा, पहिला थेंब पुसून टाका. मी घाईत थंड हाताने टोचलं, मोहरीएवढा थेंब आला आणि तिथेच थबकला, मग बोट पिळलं तर सूचनेत मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं पिळू नका. दुसरी सुई दुसऱ्या बोटाला. या वेळी आलं चांगलं, पण थेंब अलगद टेकवायच्या ऐवजी मी बोट कार्डावर घासलं आणि गोलाच्या बाहेर शेपूट. नवरा जवळ उभा राहून बघत होता, म्हणाला, "अगं शाईचा अंगठा देतेयस का?" कार्ड पंधरा मिनिटं वाळवलं, पाकिटात घालून पाठवलं. नशीब, त्यांनी सँपल नाकारलं नाही.

रिपोर्ट आला अडीच आठवड्यांनी. पहिल्या पानावर मोठ्ठं घड्याळासारखं चित्र आणि काटा लाल पट्ट्यात. ओमेगा 3 इंडेक्स 3.9. बघूनच छातीत धस्स झालं, आणि इथे माझी कंपनीवरची पहिली तक्रार, लाल रंग दाखवायच्या आधी दोन ओळीत सांगा ना की हे काय आहे. हा इंडेक्स म्हणजे लाल रक्तपेशींच्या आवरणातल्या एकूण फॅटी अ‍ॅसिडपैकी ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के. 2004 साली विल्यम हॅरिस आणि क्लेमेन्स फॉन शाकी या दोघा संशोधकांनी हा आकडा हृदयाच्या धोक्याची एक खूण म्हणून मांडला, 8 च्या वर चांगलं, 4 च्या खाली वाईट, मधे मध्यम. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे हा आकडा काल रात्री काय खाल्लं ते सांगत नाही, मागच्या तीनचार महिन्यांचं सांगतो. एवढं डोकं चांगलं लावलंय या टेस्टमागे. पण मी मासे खात नाही, तर 3.9 येणारच, त्याचा कढईशी संबंध काय.

खालची यादी जास्त मजेशीर होती. लिनोलेइक, म्हणजे सूर्यफूल, सोयाबीन, करडई यातलं मुख्य ओमेगा 6, ते 21.4 टक्के. ओलेइक, पाल्मिटिक, अ‍ॅराकिडॉनिक, अशी रांग. अल्फा लिनोलेनिक, जवसातलं ओमेगा 3, चिमूटभर. ट्रान्स 0.6. आणि त्यात कुठेही "तापवलेल्या तेलामुळे" असा रकाना नव्हता. मी दोनदा वर खाली स्क्रोल केलं. नाहीच.

इथून मग मी खरंच वाचायला बसले, आणि हा भाग जरा मोठा होणारे, रिव्ह्यूच हवा असेल तर पुढे जा.

तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड, ग्लिसरॉलच्या एका दांड्याला तीन फॅटी अ‍ॅसिड लटकलेली. कढईत एकाच वेळी तीन भानगडी चालू असतात. पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडताना ती लटकलेली अ‍ॅसिड तोडतं, त्यामुळे सुटी फॅटी अ‍ॅसिड वाढतात आणि तेल आधीपेक्षा कमी तापमानाला धूर सोडायला लागतं. दुसरं, हवेतला ऑक्सिजन. तिसरं, बिघडलेले तुकडे एकमेकांना चिकटून मोठे होतात, तेच ते कढईच्या काठाला बसणारं तपकिरी चिकट, जे घासून घासून निघत नाही, आणि तेल जुनं झालं की फेस धरतं त्यालाही बराचसा हाच प्रकार कारणीभूत. यातली पहिली भानगड ऐकायला भयंकर वाटते पण शरीराच्या दृष्टीने किरकोळ, कारण आपल्या आतड्यात लायपेज हे एन्झाइम नेमकं तेच काम करतं, फॅटी अ‍ॅसिड सुटी करायचं. तिसऱ्यातले मोठे गोळे नीट पचतच नाहीत, त्यातले बरेचसे तसेच बाहेर जातात. खरा कळीचा मुद्दा दुसरा, ऑक्सिजनचा.

फॅटी अ‍ॅसिड म्हणजे कार्बनची साखळी, तिच्यात काही ठिकाणी शेजारचे दोन कार्बन दुहेरी जोडलेले असतात, तो दुहेरी बंध. अशा दोन दुहेरी बंधांच्या मधे जो कार्बन सापडतो तो सगळ्यात कच्चा दुवा, त्याचा हायड्रोजन पटकन निघतो. ओलेइकमधे दुहेरी बंध एकच, म्हणून असा कच्चा दुवा नाही. लिनोलेइकमधे एक. अल्फा लिनोलेनिकमधे दोन. डीएचएमधे पाच. म्हणून ऑलिव्ह किंवा हाय ओलेइक सूर्यफूल तळणीला टिकतं, साधं सूर्यफूल लवकर थकतं, आणि जवसाचं तेल तापवायच्या भानगडीतच पडू नये. आता गंमत अशी की जी बिघडतात तीच शरीराला बाहेरून लागतात. लिनोलेइक आणि अल्फा लिनोलेनिक आपलं शरीर बनवू शकत नाही. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या संशोधक नवराबायकोने 1929 आणि 1930 मधे उंदरांना चरबी अजिबात नसलेलं खाणं देऊन हे दाखवलं, कातडी खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली. म्हणजे तेल तापवत ठेवलं की त्यातली गरजेची फॅटी अ‍ॅसिड थोडी थोडी कमी होतात आणि त्यांच्या जागी त्यांचेच मोडके तुकडे येतात.

या मोडक्या तुकड्यांमधे सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे एचएनई, पूर्ण नाव 4 हायड्रॉक्सीनॉनेनल. ओमेगा 6 मोडलं की हे होतं, ओमेगा 3 मोडलं की त्याचा चुलतभाऊ एचएचई. दोघेही अल्डिहाइड, म्हणजे प्रोटीन दिसलं की जाऊन चिकटणारे. मिनेसोटा विद्यापीठात सोयाबीनचं तेल 185 डिग्रीला तासन् तास तापवून त्यात हे एचएनई तयार होतं हे 2002 च्या सुमारास मोजून दाखवलं गेलं. पोटात गेल्यावर पुढे काय होतं तर ऑक्सिडाइज झालेल्या फॅटी अ‍ॅसिडपैकी काही आतड्यातून शोषली जातात आणि कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातली चरबी रक्तातून वाहून नेणारे जे कण, त्यांच्यावर बसून फिरतात. शरीर काही हातावर हात धरून बसत नाही, ग्लुटाथायॉन नावाची गोष्ट या अल्डिहाइडना पकडते आणि ते लघवीतून बाहेर जातात. रोज थोडं गेलं तर निस्तरता येतं, रोज भरपूर गेलं तर तो ताण. प्राण्यांवरच्या प्रयोगांमधे खूप तापवलेलं तेल देऊन लिव्हरवर आणि वाढीवर परिणाम दिसलेत, पण त्यात बरेचदा तेल इतकं मारलेलं असतं की घरी कोणी खाणार नाही, तेव्हा तिथून थेट आपल्या ताटावर उडी मारू नये. हे मी लिहितेय, जी आधी उड्याच मारत होती.

आणि मग ट्यूब पेटली, की हे सगळं माझ्या रिपोर्टमधे दिसणारच कसं! ही टेस्ट गॅस क्रोमॅटोग्राफीवर चालते, म्हणजे रक्तातल्या फॅटी अ‍ॅसिडचे मिथाइल एस्टर, म्हणजे सहज वाफ होईल असं रूप, करायचे, लांब नळीतून सोडायचे, कोण किती वेळाने बाहेर येतं त्यावरून ओळखायचं. ठरलेली चोवीस नावं, त्यांचीच मोजणी. मोडके तुकडे त्या हजेरीपटावर नाहीतच. वर सगळे आकडे टक्क्यात, म्हणजे एक वाढलं की दुसरं आपोआप कमी दिसणार, प्रत्यक्षात त्याचं काही बिघडलेलं नसलं तरी. तर ही टेस्ट सांगते तुम्ही कोणती चरबी खाता. ती चरबी कढईत किती जाळली ते तिला माहीतच नाही.

ट्रान्सबद्दल पण माझा गैरसमज होता. मला वाटायचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ट्रान्स फॅट ढीगभर तयार होतं. होतं, पण नेहमीच्या तळणीच्या तापमानाला फार थोडं. रक्तात जे ट्रान्स दिसतं ते मुख्यतः अर्धवट हायड्रोजन भरून घट्ट केलेल्या तेलांमधून येतं, आणि थोडंसं दूधदुभत्यातून, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात ते नैसर्गिकरीत्या बनतं. म्हणूनच डेन्मार्कने 2003 मधे कायदा केला तो कारखान्यातल्या ट्रान्सवर, 100 ग्रॅम चरबीत 2 ग्रॅमच्या वर नको. तेव्हा माझा 0.6 बघून तेलाच्या बाटलीवर डोळे वटारायचं कारण नव्हतं, बिस्किटांच्या डब्याकडे बघायला हवं होतं.

बरं, दुसरं किट होतंच, तर केलं. चार महिने एकदा तळलेलं तेल परत कढईत गेलं नाही, याची साक्ष नवरा वैतागून देईल. या वेळी हात गरम पाण्यात धुतले, दोन मिनिटं हात झुलवला, एका सुईत काम. निकाल: लिनोलेइक 21.9, ट्रान्स 0.5, म्हणजे जवळपास आहे तिथेच. ओमेगा 3 इंडेक्स मात्र 5.6! मी नाचायच्या बेतात, आणि मग आठवलं की पहिला रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारून मी शेवाळापासून बनवलेल्या डीएचए-ईपीएच्या कॅप्सूल सुरू केलेल्या. म्हणजे एकदम दोन गोष्टी बदलल्या, प्रयोगाचा बट्ट्याबोळ. आणि कॅप्सूल न घेता सुद्धा कढईचं काही दिसलं नसतं, कारण अंगावरच्या चरबीत साठलेलं लिनोलेइक अर्धं बदलायलाच दीडदोन वर्षं लागतात, ते हळूहळू रक्तात उतरत राहतं, तिथे चार महिन्यांच्या कढईचा काय पाड लागणार.

कस्टमर केअरला चॅटवर विचारलं, तळलेल्या तेलाचा परिणाम यात दिसतो का. उत्तर आलं, "आमची टेस्ट तुमच्या आहारातल्या फॅट्सचं संपूर्ण चित्र देते." परत विचारलं, ऑक्सिडाइज झालेली फॅटी अ‍ॅसिड मोजता का, हो की नाही. मग जरा वेळाने दुसरं कोणीतरी आलं आणि सरळ म्हणालं, नाही मॅडम, ते यात येत नाही. या दुसऱ्या माणसाला पाच स्टार. पहिल्या वाक्याला शून्य, कारण "संपूर्ण" हा शब्द तिथे खोटा आहे.

एवढं झाल्यावर ओळखीत एकांचं मोठं स्वयंपाकघर आहे केटरिंगचं, त्यांच्याकडून तेलाचा मीटर दोन दिवस उसना आणला. लांब दांडीचा, खाली चपटा सेन्सर, तेलात बुडवला की टोटल पोलर कंपाउंड्स टक्क्यात दाखवतो. तेल बिघडलं की त्यात विजेच्या दृष्टीने जरा वेगळे वागणारे रेणू वाढतात, तेच हा सेन्सर ओळखतो. बऱ्याच देशांमधे 24 ते 27 टक्क्यांच्या मधे कुठेतरी रेघ आखलेली आहे, त्यापुढे तेल टाकून द्यायचं. पदार्थ काढल्या काढल्या बुडवला तर बुडबुड्यांमुळे आकडा नाचत राहतो, ते थांबेपर्यंत थांबावं लागतं, मग तेल हळूच ढवळत राहायचं आणि आकडा स्थिर होऊ द्यायचा.

नवं तेल, 6. नवऱ्याने कपाटात मागे लपवून ठेवलेली बरणी निघाली, तीनदा वापरलेली, रंगाने गडद चहासारखी, मी मनात 30 धरलेलं. आकडा आला 16.5. त्याचा चेहरा बघायला हवा होता. पण मग मी मुद्दाम एक केलं, थोडं नवं तेल कढईत काही न टाकता मोठ्या आचेवर ठेवलं, फोनवर बोलताना माझ्याकडून नेहमी होतं तसंच, धूर निघेपर्यंत आणि त्यानंतर पुढे बराच वेळ. घशात तो खवखवणारा वास आला, तो अ‍ॅक्रोलीनचा, तेलातलं ग्लिसरॉल जळलं की येतो. थोडं थंड होऊ दिलं, बुडवला, 22. तेल फारसं काळं पण झालं नव्हतं. तीनदा तळून जितकं बिघडलं नाही त्याहून जास्त माझ्या एका फोनने बिघडलं, म्हणजे रंगावरून ठरवणं गेलं तेल लावत. अर्थात पातळ थर, जास्त आच, हवा लागायला मोठं तोंड, कारणं सगळी माझीच.

मीटरच्या आकड्याचा पण अर्थ नीट घ्यावा लागतो बरं का. 16.5 म्हणजे 16.5 टक्के फॅटी अ‍ॅसिड खराब झाली असं नसतं. तिघांपैकी एकच अ‍ॅसिड बिघडलं तरी तो अख्खा रेणू पोलर म्हणून मोजला जातो, शिवाय सुटी फॅटी अ‍ॅसिडही त्यातच धरतात जी आतड्यात होणारच असतात. तेव्हा खरी नासाडी त्याहून बरीच कमी. तरीही हा आकडा माझ्या प्रश्नाच्या जवळचा होता, रक्ताचा नव्हता.

तर रेटिंग. ओमेगा 3 किती आहे, कॅप्सूल किंवा मासे लागू पडतायत का, हे बघायचं असेल तर ही टेस्ट चांगली, चार स्टार, एक स्टार त्या लाल काट्याचा आणि "संपूर्ण चित्रा"चा कापला. तळणीच्या तेलाचं काय करू या प्रश्नासाठी घेत असाल तर एक स्टार, तो पण कार्डावरच्या अँटिऑक्सिडंटसाठी. हृदयाचा काही त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर इंडेक्स कमी आला म्हणून परस्पर कॅप्सूल सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरात सध्या तह असा झालाय, तेल गाळायचं त्याने, तापमानाची काडी कढईत लावायची मी, 180 च्या वर गेलं की आच कमी, तांब्याचं किंवा गंजकं लोखंडी भांडं तळायला नाही कारण लोखंड आणि तांबं दोन्ही ऑक्सिडेशनला ढकलतात, आणि तिसऱ्या वेळेनंतर तेल बाद. फोन वाजला तर आधी गॅस बंद.

मागवणार असाल तर शेवटचं, सुया दोनच येतात, त्यामुळे तिसरी आधीच मागून घ्या, चॅटवर सांगितलं तर पाठवतात. आणि डावखुरे असाल तर उजव्या हाताचं बोट टोचा, मी उलटं केलं आणि दोन दिवस पेन धरता येईना.